सतरावा सांधा

४ जानेवारी, रविवार

पुलाचा इतिहास लिहिण्याचं काम अखेर घेतलं. बांधकाम खात्याच्या अभियंता बाई मी शिकवते त्या कॉलेजात भेटायला आल्या, तेव्हाच हो म्हणता आलं असतं. पण ज्या पुलावर वडिलांची सगळी नोकरी गेली, त्याचा इतिहास मुलीने तटस्थपणे कसा लिहावा, हा प्रश्न चार दिवस डोक्यात होता. आज बाबांना विचारलं. म्हणजे कागदावर लिहून कागद त्यांच्यापुढे धरला. कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे खणात पडलं होतं.

"लिही की," ते म्हणाले, शेजाऱ्यांनाही परवानगी मिळावी इतक्या मोठ्याने. "दुसऱ्या कुणी लिहिला तर उद्घाटनाला कोण कोण आलं होतं तेवढंच लिहील."

काम तीस पानांचं, महिनाअखेर द्यायचं. घाईचं कारण बाईंनी लपवलं नाही. नवा पूल दुरुस्तीसाठी आठ महिने बंद होणार. २ फेब्रुवारीपासून त्यावरचे सगळे ट्रक आपल्या जुन्या पुलावरून जाणार. लोक कुरकुरताहेत. पुलाची निगा कशी राखली गेली ते पुस्तिकेतून लोकांना कळावं आणि जुन्या तपासण्यांचा तक्ता खात्यालाही हाताशी असावा, असा दुहेरी हेतू.

बाबांनी कपाटातून हातोडी काढून पुसली. वीतभर दांड्याची, पावशेराची. मग स्वतःशीच हसून म्हणाले, "पुलाला आणि मला, दोघांनाही नुसता रंग लावून उभं केलंय."

९ जानेवारी, शुक्रवार

पुलाच्या बांधणीचं प्रकरण झालं. पोलादी कैचीचा, म्हणजे तुळयांच्या त्रिकोणी सांगाड्याचा पूल, पाच गाळे, पायवाटेच्या बाजूने चोवीस मोठे सांधे. सांधा म्हणजे तीन-चार दिशांनी आलेल्या तुळया जिथे एका जाड पत्र्यावर रिव्हेटांनी, म्हणजे जाड लोखंडी खिळ्यांनी, जखडल्या आहेत ती जागा. पुलाचं सगळं बळ तिथे.

रिव्हेट ठोकणारी टोळी चौघांची. एक भट्टीत रिव्हेट लाल करणार, दुसरा तो चिमट्याने फेकणार, तिसरा डब्यात झेलून भोकात घालणार, चौथा ठोकणार. बांधताना अकरा माणसं मेली. नऊ नावं मिळाली. दोघांपुढे नुसतं 'मजूर' लिहिलं आहे. त्या दोघांसाठी दोन दिवस दप्तर उपसलं, हाती काही लागलं नाही. तसं तळटीपेत लिहिलं.

जुन्या दवाखान्याच्या अहवालात एक गोष्ट सापडली. रिव्हेटच्या टोळीतली बहुतेक माणसं चाळिशीच्या आत बहिरी होत. लोखंडी पेटीत बसून बाहेरून कुणी हातोडा मारावा, तसा तो आवाज असे. वाचकाला हे आवडेल. बाबाही तपासनीस होण्याआधी आठ वर्षं दुरुस्तीच्या टोळीत रिव्हेट ठोकत होते, त्यांच्याकडून आणखी तपशील मिळेल. त्यांचे कान मात्र वयाने गेले, निवृत्तीनंतर.

१३ जानेवारी, मंगळवार

आज खात्याच्या दप्तरात बाबांच्या वह्या मिळाल्या. अठरा वर्षं, अठरा वह्या. त्यांचं ते बसकं, सरळ अक्षर. सांधा क्रमांक, रिव्हेट, आवाज. घट्ट रिव्हेट ठोकला की खणकन बोलतो, सैल असला की मडक्यावर टिचकी मारल्यासारखा बद्द. बद्द बोलणाऱ्यावर पिवळ्या खडूची फुली, फुलीची वहीत नोंद, मग टोळी येऊन रिव्हेट बदलणार. खाडाखोड कुठेच नाही. चुकलं तर एक रेघ, बाजूला सही.

मी तक्ता केला. पहिली सोळा वर्षं दर वर्षी तीस-चाळीस फुल्या. शेवटच्या दोन वर्षांत एकही नाही. चोवीस सांधे, दोन वर्षं, सगळीकडे 'आवाज स्वच्छ'. सोळा वर्षं चिकाटीने दुरुस्ती केल्यावर पूल असा ठणठणीत झाला असावा. हे वाक्य लिहून खोडलं, अभिमान दिसतोय का म्हणून. मग पुन्हा लिहिलं. आकडे आहेत, त्याला मी काय करू?

अभियंता बाई तक्ता पाहून खूश झाल्या. त्यांच्याकडे यंत्राने सांधा तपासणारं पथक एकच, आणि दिवस थोडे. "तुमच्या वडिलांनंतर हातोडीची तपासणी झालीच नाही. म्हणजे शेवटचा खरा कागद हाच. शेवटच्या वह्यांत जिथे फुली असेल तिथे यंत्र लावू म्हटलं होतं. फुलीच नाही म्हणजे प्रश्नच मिटला."

बाबांना हे लिहून दाखवलं. चष्मा लावून त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

१८ जानेवारी, रविवार

एक छोटं प्रकरण आठवणींचं असावं, असं बाईंचं म्हणणं. स्वतःला इतिहासात आणायला संकोच वाटतो. आधी इथेच लिहून बघते.

पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत बाबा दोराच्या पाळण्यात बसून पायवाटेखाली उतरायचे. वर कठड्याला टेकून आई बसलेली. ती डबा घेऊन जायची. बाबा एकेक रिव्हेट ठोकून तिच्याकडे वर बघायचे, ती मान हलवायची. मधूनच माशी वारावी तसा हात वर करायची. लग्नाला वीस वर्षं झालेली माणसं अशी एकमेकांकडे बघतात, याचं मला लहानपणी हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

शेवटची दोन वर्षं आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या जागी मी जाऊ लागले. मी बी.ए.ला होते. आई म्हणायची, "पुस्तक नेऊ नकोस गं. लक्ष दे." मी वाकून पडेन अशी भीती असेल तिला. पुस्तक मी न्यायचेच. परीक्षा तोंडावर होत्या. खाली हातोडी वाजली की बाबा वर बघायचे. त्यांना आईची सवय, एकटं वाटू नये म्हणून मीही मान हलवायचे. दर वेळी. कधी पानावरून नजर न काढताही. त्यांचा चेहरा असा निवायचा, की एवढ्याशा गोष्टीने माणूस सुखावतो, हे मी तेव्हा शिकले.

हे छापायला हरकत नाही. जरा हळवं आहे, एवढंच.

२१ जानेवारी, बुधवार

अपघाताचं प्रकरण टाळता येणार नव्हतं. बाबा निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी सतराव्या सांध्याजवळ पायवाटेचा आधार निखळला. रात्रपाळी करून घरी निघालेली एक परिचारिका नदीत पडून मेली. चौकशीत ठपका नव्या तपासनीसावर आला. त्याची नोकरी गेली, पुढे ते पदच रद्द झालं. तेव्हापासून पूल नुसता रंगवतात आणि दुर्बिणीने बघतात.

तो माणूस पुलाच्या तोंडाशीच सायकली दुरुस्त करतो. कितीदा तिथून गेले असेन, थांबले नव्हते. आज थांबले. कुणाची मुलगी ते आधीच सांगितलं. लपवून विचारणं बरं दिसलं नसतं.

"माहिती आहे," तो म्हणाला. हात ट्यूबवर, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात. "वरून मान हलवत बसायचात. तुम्ही वाचत असायचात. मी तेव्हा रंगाच्या टोळीत होतो."

मी विचारलं, चौकशीबद्दल काही सांगायचंय का.

"सांगायचंय काय त्यात. साहेबांची वही साक्षीला होती. सतरा, साठ रिव्हेट, आवाज स्वच्छ. मग बिघडलं कधी? माझ्या हाताखाली. सरळ हिशेब आहे."

"तुम्ही सतरावर ठोकलं होतं?"

"नाही." त्याने ट्यूब दाबली. बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिला. "ठोकलंच नव्हतं. एवढ्या नावाजलेल्या माणसाने दोन वर्षं एक फुली मारली नाही, मी कालचा पोरगा काय परत ठोकणार? सहा महिन्यांनी ठोकू म्हटलं. ती माझी चूक, ती मी चौकशीतही सांगितली. पण बाई, साठांतले बावीस रिव्हेट सहा महिन्यांत झिजत नाहीत. एवढंच मी म्हणालो होतो. त्यावर सगळे हसले. वहीपुढे माझं काय चालणार?"

त्याच्याबद्दल वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनीही माणूस दोष दुसऱ्यावर ढकलायला जागा शोधतो. प्रकरणात त्याची बाजू चार ओळींत दिली. 'वही मात्र त्याविरुद्ध होती,' असं शेवटी लिहिलं.

परिचारिकेचं नाव चौकशीच्या कागदात आहे. मी 'एक पादचारी महिला' लिहिलं होतं. का, कोण जाणे. जागा कमी होती.

२५ जानेवारी, रविवार

ताईला फोनवर आठवणींचं प्रकरण वाचून दाखवलं. आईच्या डब्यापाशी ती हसायला लागली.

"डबा? डबा तर बाबा बरोबरच घेऊन जायचे. आई कशाला जाईल डबा द्यायला, पहाटे पाचला?"

"मग कशाला जायची?"

"कान द्यायला. बाबांना तेव्हा कुठे ऐकू येत होतं? टोळीतून बाहेर पडले तेव्हाच अर्धे गेले होते, पुढे दोन-चार वर्षांत पार बंद. घरीदारी आई मध्ये बोलून सांभाळून घ्यायची, म्हणून कुणाला कळलं नाही. ते ठोकायचे, आई ऐकायची. चांगलं असलं की मान, बद्द असलं की हात. माझं लग्न ठरलं तेव्हा तिनेच सांगितलं, आणि सासरी बोलू नकोस म्हणाली, नोकरी जाईल म्हणून." मग म्हणाली, "तुला माहीत असेलच की. नंतर तूच तर जायचीस."

मी हो म्हटलं.

हे खोटं मी का बोलले? दुपारपासून हाच एक प्रश्न स्वतःला विचारते आहे. दुसरा विचारावा लागू नये म्हणून.

२६ जानेवारी, सोमवार

कॉलेजात झेंडावंदनाला गेले, कोण काय बोललं, आठवत नाही. तक्ता पुन्हा पाहिला. फुल्या थांबतात ते साल, आणि आईने अंथरूण धरलं ते साल.

बावीस रिव्हेट सहा महिन्यांत झिजत नाहीत.

२७ जानेवारी, मंगळवार

मी जे लिहून बाबांपुढे ठेवलं ते जसंच्या तसं इथे उतरवते, कारण पुढे मला ते सौम्य करून आठवेल. 'शेवटची दोन वर्षं मी पुलावर ऐकत नव्हते. मला ऐकायचं असतं हे माहीतच नव्हतं. मी उगाच मान हलवत होते.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागदाच्या मागे काही आहे का ते पाहिलं.

"तुझ्या आईने सांगितलं होतं ना तुला?"

मी मान हलवली, नाही अशी.

"मला म्हणाली, सांगितलंय. लक्ष दे म्हणून सांगितलंय, म्हणाली." हे ते कधी नव्हे ते हळू बोलले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेला माणूस इतका हळू कसा बोलू शकतो?

आईला वाटलं बाबा नीट समजावतील. बाबांना वाटलं आईने समजावलंय. घरात ज्या गोष्टीचं नावच काढायचं नाही, ती नाव न काढता सांगायची म्हणजे 'लक्ष दे' एवढीच सांगता येते. आणि मी, जिला दप्तरात दोन मजुरांची नावं सापडली नाहीत म्हणून झोप लागत नाही, मी एकदाही विचारलं नाही की बाबा सारखे वर का बघतात.

"बोटाला कळत नाही का?" मी लिहिलं.

"कळतं. फार सैल झाल्यावर. कानाला आधी कळतं." मग म्हणाले, "दुसऱ्या वर्षी मला शंका आली होती. एकही फुली नाही, असं होत नसतं. पण तू इतकी ठाम मान हलवायचीस. आणि मला निवृत्त व्हायचं होतं, नावासकट."

ही त्यांची कबुली माझ्यापेक्षा मोठी की लहान, हे ठरवत बसले होते. लाज वाटून ते सोडून दिलं.

२८ जानेवारी, बुधवार

पहाटे त्यांना घेऊन पुलावर गेले. पाळण्यात बसायचं वय नाही. पायवाटेवरून हात पोचतो तेवढेच वरच्या ओळीतले वीस रिव्हेट. सतरावा सांधा अपघातानंतर नवा बसवलेला, म्हणून अठरावा घेतला. बाबांनी आधी एकेका डोक्यावरचा रंग खरवडला. तीन थर होते. अर्धा तास गेला. एकेक डोकं मोकळं करून ते अंगठ्याने पुसत होते, आजाऱ्याचं कपाळ पुसावं तसं.

मग ठोकलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

तोच चेहरा. वीस वर्षांत त्याला सुरकुत्या पडल्या, पण प्रश्न तोच होता, आणि तो किती उघड होता ते आत्ता दिसलं. मान उंचावून, भुवया किंचित वर, सगळा माणूस माझ्या हनुवटीकडे बघत थांबलेला.

खणकन वाजलं होतं. मी मान हलवली.

दुसरा. खणकन.

तिसरा. मडकं. मी इतिहासाची बाई, मला लोखंडातलं काही कळत नाही. पण हे लहान पोरालाही कळलं असतं. तेव्हा एकदा, एकदाच, पुस्तक मिटलं असतं तर.

बाबा बघत होते. मी हात वर केला.

त्यांनी खिशातून खडू काढला आणि फुली मारली. फुली सरळ आली. वीस झाल्यावर मोजलं. नऊ. मग एकोणिसावा सांधा. सात. विसाव्याला ते ठोकायला वाकले आणि तसेच कठड्याला धरून उभे राहिले. मी हातोडी घेतली. त्यांनी ती परत घेतली.

"तू ठोकलंस तर तुझं लक्ष हाताकडे जाईल," म्हणाले. "तू ऐक."

विसाव्यालाही आठ.

परतताना सायकलीच्या दुकानावरून आलो. तो दुकान उघडत होता. त्याने बाबांच्या बोटांवरचा पिवळा खडू पाहिला. बाबा पुढे चालत राहिले, मीही त्यांच्यामागे. मला बोलायला हवं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार

बाबांनी सकाळभर बसून एक कागद लिहिला. मूळ वहीत आता काही लिहिणं योग्य नाही हे त्यांनीच सांगितलं. वेगळा कागद, वर 'दुरुस्ती', खाली दोन वर्षांतले सगळे सांधे क्रमाने, आणि प्रत्येकापुढे 'ऐकले नाही'. एकदाच लिहून खाली खुणा करता आल्या असत्या. मी तसं सुचवलं. त्यांनी अठ्ठेचाळीस वेळा लिहिलं. शेवटी स्वतःच्या बहिरेपणाचं साल, आईचं काम आणि काल मारलेल्या चोवीस फुल्या. सही केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. त्यांच्या सहीशेजारी एका सहीपुरती जागा मोकळी होती.

३० जानेवारी, शुक्रवार

अभियंता बाईंनी कागद उभ्यानेच वाचला.

"हे तुम्ही लेखी देताय? तोंडी सांगितलं असतं तरी मी कुठेतरी यंत्र लावून घेतलं असतं. वडिलांचं नाव आहे यात."

"त्यांनीच लिहिलंय."

"पुस्तिका तर छापता यायची नाही आता."

"नका छापू."

त्या खिडकीशी जाऊन फोनवर बराच वेळ बोलल्या. आवाज चढत गेला, मग उतरला. सोमवारी ट्रक येणार नाहीत. यंत्राचं पथक अठरापासून सुरुवात करील. नंतर काय, ते वरचे ठरवतील. त्यांनी मला पाणी दिलं आणि कुणी मेल्यावर बोलतात त्या आवाजात विचारलं, "घरी ठीक आहेत ना ते?"

तिथून एक प्रत घेऊन सायकलवाल्याकडे गेले. हे काल करायचं होतं. त्याने हात पुसले, चष्मा लावला. सतराव्या ओळीपाशी त्याचं बोट थांबलं. मला वाटलं तो ओरडेल. खरं तर त्याने ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे माझं सोपं झालं असतं.

"वीस वर्षं माझी बायको म्हणत होती, तू विसरला असशील, तू ठोकलं असशील पण नीट नसेल," तो म्हणाला. "शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

मी माफी मागितली. शब्द बरोबर होते, वर्गात सांगावेत तसे.

"माझं राहू द्या. मी सहा महिने ठोकलं नाही, ते कुठल्या कागदाने जात नाही." त्याने प्रत घडी करून परत दिली. "ही त्यांच्याकडे न्या. त्या नर्सबाईंचा नवरा आहे, मुलगा आहे. मी दर वर्षी त्या तारखेला जातो. फाटकापर्यंत. आत काय म्हणून जाऊ? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं." आणि त्याने दुकानाच्या पाटीमागे खडूने पत्ता लिहून दाखवला. मी उतरवून घेतला. पूल ओलांडून दहा मिनिटांवर आहे.

३१ जानेवारी, शनिवार

पत्ता बाबांपुढे ठेवला. वाटलं होतं, मी एकटी जाऊन येते म्हणावं. या वयात त्यांना कशाला. पण हेही त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही, नुसता पत्ता ठेवला.

त्यांनी कपाटातून बाहेर जायचे कपडे काढून ठेवले. खणातून कानाचं यंत्र काढलं, कानाला लावून पाहिलं, बटण फिरवलं, आणि परत ठेवून दिलं.

"उद्या सकाळी जाऊ," ते म्हणाले. "कागद मी देईन. ते जे बोलतील ते मला कळणार नाही. तू सगळं ऐक आणि घरी येऊन मला लिहून दे. मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस."

मी मान हलवली. मग ते पुरेसं नाही असं वाटून वही ओढली, आणि 'ऐकेन' असं लिहून त्यांच्यापुढे धरलं.